एकशे अकरा लिटर

काल दुपारी गुहागरच्या घरी आम्ही पत्ते शोधत होतो. मे महिना, बाहेर ऊन मी म्हणतंय, मागच्या वाडीत पोफळीचं एक पान हलत नाही, सासूबाई माजघरात पंखा लावून आडव्या झालेल्या आणि चिरंजीवांना बदाम सात खेळायचंय. पत्त्यांचा जोड स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमधे असतो असं नवऱ्याचं ठाम मत आहे. त्या ड्रॉवरमधे पत्ते सोडून सगळं असतं. रबरबँडं, गॅसचं पुस्तक, बंद पडलेलं मनगटी घड्याळ, राखीचे गोंडे, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. त्यात लेकाला चौघडी केलेला एक फुलस्केप मिळाला आणि तो उघडून त्याने आख्ख्या घराला ऐकू जाईल असं वाचलं, "आई, हे बघ, एकशे अकरा लिटर दूध!"

एकशे अकरा कुठलं, दीड होतं ते. सासूबाई अजून जुन्या पद्धतीने लिहितात, एकाच्या पुढे एक उभी दांडी म्हणजे सव्वा, दोन दांड्या म्हणजे दीड. त्याला कुठून कळणार म्हणा, लग्न होऊन आले तेव्हा मलाही येत नव्हतं, पहिल्याच महिन्यात त्यांच्या चिठ्ठीवरून मी वाण्याकडे अकरा किलो रवा मागितला होता आणि वाणी बिचारा म्हणाला, "वहिनी, कार्य आहे काय घरात?"

तर ते दुधाचे हिशोब. सगळं जग दुधाचे खाडे कॅलेंडरवर लिहितं, आमच्याकडे पाठकोऱ्या कागदावर लिहितात कारण कॅलेंडर खराब होतं. मे महिना, एक ते एकतीस, प्रत्येक तारखेपुढे १, १, १, मधे एक खाडा, परत १, १. फक्त एका तारखेपुढे १॥. चौदा मे.

कागद उलटा केला तर पुढच्या बाजूला माझंच अक्षर.

मला याद्या करायची खोड आहे. प्रवासाला जाताना याद्या, माहेरी जाताना याद्या, यादी कुठे ठेवलीय त्याची यादी. ही त्यातली सगळ्यात गाजलेली. २०१७ सालच्या मे महिन्यातली, लेक तेव्हा दहा महिन्यांचा, दापोलीला नवऱ्याच्या मित्राचं लग्न होतं आणि आम्ही दोघं त्याला पहिल्यांदाच दिवसभर आजीकडे ठेवून जाणार होतो. चार मुलं वाढवलेल्या बाईला मी सतरा कलमं लिहून दिली होती! निळ्या झाकणाची बाटली आधी, हिरव्या झाकणाची नंतर. दूध गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्यात बाटली उभी करायची. मध नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही. नाचणीचं सत्त्व दुपारी, मीठसाखर काही न घालता. पाळण्याला जोरात झोका नको. आणि चौथं कलम दोनदा अधोरेखित, वरचं दूध एक वर्षापर्यंत अजिबात नाही. शेवटचं कलम, सतरावं, 'संध्याकाळी ७ – आम्ही येतो.'

यादी तिथे संपते. रात्र त्यात नाहीच आहे.

त्याचं असं झालं की लग्न दुपारी लागलं, जेवणं झाली, निघायच्या वेळी मित्रमंडळ म्हणालं इतक्या लांब आलायत तर कर्द्याच्या किनाऱ्यावर जाऊन येऊ, आणि आम्ही गेलो. गेलो म्हणजे मी नको नको म्हणत गेले असं मी अजूनही सांगते, पण खरं सांगायचं तर दहा महिन्यांनी पहिल्यांदा हात रिकामे होते आणि मी समुद्रात गुडघाभर जाऊन उभी राहिले होते. निघायला साडेसात. सव्वाआठला घरी फोन केला तर लेक नुकताच झोपलेला. मोटरसायकलवरून दाभोळ तासाभराचं, तिथून जंगलजेटीने, म्हणजे गाड्यासुद्धा नेणाऱ्या बोटीने, पलीकडे धोपावे आणि मग काय, घर आलंच. पण मधे पंक्चर. रविवार, पंक्चरवाल्याचं दुकान बंद, त्याला घरून उठवून आणणे, त्याचं जेवण होणे, ट्यूब बदलणे वगैरे वगैरे. धक्क्यावर पोचलो तर बोट पलीकडे लागलेली, दिवे मालवलेले. शेवटची फेरी झालेली होती.

ज्यांनी दाभोळची खाडी पाहिलीय त्यांना सांगायला नको. वाशिष्ठी तिथे समुद्राला मिळते, समोरचा किनारा इतका जवळ की पलीकडच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं. बोटीने थोड्याच मिनिटांचं काम. आणि रस्त्याने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा सगळा घाटाघाटांचा वळसा, शंभराच्या वर किलोमीटर, रात्री, मोटरसायकलवर, नुकत्याच पंक्चर काढलेल्या चाकावर. समोर कंपनीचे दिवे लखलखत होते. एकेकाळची एन्रॉनची वीज कंपनी, नाव जगभर दाभोळचं झालं पण कंपनी आहे आमच्या गुहागर तालुक्यात, म्हणजे ते दिवे आमचे, आणि आम्ही त्यांच्याकडे बघत बसलेले परक्या तालुक्यात. नवरा होडी मिळते का बघायला गेला आणि तसाच परत आला. एक म्हातारे खलाशी त्याला म्हणाले म्हणे, "सकाळी बोट आहे ना? मग पोर काय रातोरात म्हातारं होणार आहे?"

घरी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "झोपलाय. तुम्ही जेवलात ना? मग झोपा." आणि फोन ठेवला. पुन्हा केला तर रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला, तो वाजून पोर उठेल म्हणून. हे सकाळी कळलं. त्या रात्री मी त्या एंगेज टोनवरून काय काय ताडलं ते लिहीत नाही.

मोबाईलवर मात्र मेसेजचा पाऊस. कारण तो रविवार होता मदर्स डे. प्रत्येक ग्रुपवर गुलाबाची फुलं, आईची माया, आईची ऊब, आई म्हणजे ईश्वर. ईश्वर दाभोळच्या धक्क्यावर डास मारत बसलाय. धक्क्याच्या जवळच ती जुनी दगडी मशीद आहे, मोठ्या घुमटाची, तिची गोष्ट सांगतात की विजापूरची शहजादी मक्केला निघाली होती, दाभोळपर्यंत आली आणि पुढे जाताच येईना, मग जवळचा सगळा पैसा घालून तिने मशीद बांधली. नवऱ्याने ही गोष्ट मला धीर द्यायला सांगितली. अडकलेल्या बायकांचं हे बंदर आहे असा काहीतरी त्याचा मुद्दा होता.

धक्क्यावर चहाची टपरी आवरत असलेल्या काकांनी आम्हाला घरी नेलं. दोन खोल्या, पुढे पडवी, दारात माड. नवऱ्याला पडवीत चटई दिली. आणि शेजारच्या घरात कुणाचं तरी लहान मूल रडलं.

पान्हा हा शब्द मी शाळेत गाईच्या संदर्भात शिकले होते. डॉक्टरांनी ऑक्सिटोसिन वगैरे सांगितलं होतं, मूल रडलेलं ऐकलं की ते सुटतं, मूल आपलंच पाहिजे असं काही त्याला कळत नाही. ब्लाउज, पदर, सगळं भिजलं. सकाळपासून एकदाच, लग्नघरी, घाईघाईत पिळून काढलं होतं, छाती दगडासारखी झालेली आणि काखेपर्यंत ठणकत होतं. काकींनी एकदाच बघितलं. काही विचारलं नाही, नवऱ्याच्या दिशेने दार लोटलं, स्टीलचा एक पेला आणि गरम पाण्यात पिळलेला पंचा आणून दिला आणि न्हाणीत दिवा लावला.

न्हाणीच्या दगडावर बसून मी तो पेला भरला. अर्ध्या तासात निम्म्याच्या वर. चुलीवरच्या धुराने काळा पडलेला बल्ब, दोरीवर वाळत घातलेला लेंगा, पेल्यात पडणाऱ्या धारेचा आधी टण टण आणि मग मऊ होत जाणारा आवाज. निळसर पातळ दूध. ते घेऊन मी मोरीत ओतायला वाकले तर दारातून काकी म्हणाल्या, "न्हाणीत नको गं ओतूस. माडाच्या मुळात घाल." मग आम्ही दोघी अंधारात अंगणात गेलो, त्यांनी बॅटरी धरली, मी माडाच्या बुंध्यात पेला रिकामा केला. "किती महिन्यांचा?" "दहा." "मग काय, पेज खातो ना," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मी जी झोपले ती थेट उजाडेपर्यंत. हे मी कुणाला सांगत नाही. दहा महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपले. तळमळला तो नवरा, रात्रभर पडवीतून खाडी बघत होता, सकाळी डोळे लाल.

पहिल्या बोटीने पलीकडे आलो, आठला घरी. लेक ओटीवर बसून डब्याच्या झाकणाने जमीन ठोकत होता, माझ्याकडे बघून हसला आणि परत झाकणाकडे वळला. मी विचारलं रात्री कसा होता, सासूबाई म्हणाल्या, "होता की." उठला का? "पोर आहे, उठेल नाहीतर काय." मग काय दिलंत? त्या तोवर विहिरीवर गेल्या होत्या.

तेव्हा माझ्या फोनमधे एक अ‍ॅप होतं, त्यात मी सगळं भरायचे, किती वाजता प्यायला, कुठल्या बाजूचं, किती वेळ झोपला, लंगोट किती. सव्वाआठला फोनवर विचारून 'झोपला' दाबलं होतं, आठला 'उठला' दाबलं, तर स्क्रीनवर फुगे उडाले. कॉन्ग्रॅच्युलेशन्स! आजवरची सगळ्यात मोठी झोप, ११ तास ४५ मिनिटं!

त्या पावणेबारा तासांचं पुढे मला फार लागून राहिलं. तो आजारी पडला असता तर, वगैरे ते नव्हतं. त्याच्या आयुष्यातली मला माहीतच नसलेली अशी ती पहिली रात्र, त्याला आठवणार नाही आणि आजी सांगणार नाही, म्हणजे ती कुणाकडेच नाही.

हे मी माझ्या आईला सांगितलं. आईला, कारण लहानपणीची एक गोष्ट मी तिला आयुष्यभर ऐकवत आलेय. मी चार वर्षांची असताना ती डीएडच्या परीक्षेला रत्नागिरीला गेली होती दोन रात्री, मला आजोळी हेदवीला ठेवून. सकाळची लाल एसटी धूळ उडवत गेली आणि मी गडग्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिले, बघतच राहिले, कुणी कितीही हाका मारल्या तरी उतरले नाही. माझ्या लहानपणातलं सगळ्यात मोठं दुःख, शाळेत निबंधातही लिहिलं होतं, बाईंनी शेरा दिला होता छान.

आई सगळं ऐकून म्हणाली, "मी पुढच्याच थांब्यावर उतरले होते." मी म्हटलं कधी? "तेव्हाच. जीव राहीना म्हणून बॅग घेऊन चालत परत आले. गडग्यापलीकडे करवंदीच्या जाळीमागे उभी राहिले. तू अंगणात भाजलेल्या आठळ्या खात होतीस, फ्रॉकचा ओचा भरून, आणि मामा काढून घेतो म्हणून त्याला चावलीस. मग मी दुपारच्या गाडीने गेले." इतकी वर्षं सांगितलं का नाही, तर म्हणे, "तू इतकं छान रडत सांगायचीस."

म्हणजे गडगा खरा की आठळ्या खऱ्या कोण जाणे. दोन्ही असतील. आधी बसले असेन, मग आठळ्या भाजल्याचा वास आला असेल.

असो, तर कालचा कागद. चौदा मे, दीड लिटर. चौथं कलम दोनदा अधोरेखित आणि पाठीमागे त्याच तारखेला अर्धा लिटर जादा, आणि तेही एक लिटरवर नंतर वेगळ्या पेनाने काढलेल्या दोन दांड्या. सकाळचं दूध निळ्या पेनाचं, दांड्या काळ्या. मी तो कागद नवऱ्यापुढे धरला, त्याने नीट पाहिलं आणि म्हणाला आम्ही येणार म्हणून चहाला घेतलं असेल. आम्ही सातला येणार होतो आणि आलो दुसऱ्या दिवशी आठला, चहा कुणाचा? मग म्हणाला कुणी पाहुणे आले असतील. रात्री? तर म्हणे, "एवढा धडधाकट उभा आहे समोर, काय करायचंय तुला?" धडधाकट समोर उभा होता आणि एकशे अकरा लिटर दूध एका दिवसात कोण पितं असं विचारत होता. स्वतः दुधाला तोंड लावत नाही, कपात बोर्नव्हिटा चार चमचे टाकला तरी साय आली म्हणून नाक मुरडतो.

पत्ते काही मिळाले नाहीत. चारला सासूबाई उठल्या, तोंड धुवून चहाच्या वासावर आत आल्या, मी एका बर्नरवर आधण आणि दुसऱ्यावर दूध ठेवलं होतं. कागद ओट्यावर उघडाच होता. मी जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, आई, हे चौदा तारखेला अर्धा लिटर जादा कशाला घेतलं होतं?

त्यांनी चष्म्यावरून कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगो कुठल्या सालची चौदा? आणि ते दूध बघ आधी, उतू जाईल."