सोमल, पण कोणत्या सालचा?

प्रकाशनाकडे येणाऱ्या संहिता वाचून अभिप्राय लिहायचा, हे माझं काम. मी रसायनशास्त्र शिकलेलो, त्यामुळे गोष्टीत विषप्रयोग असला की ते बाड आपसूक माझ्या टेबलावर येतं. त्या दिवशी लेखिकेबरोबर बैठक होती आणि माझं मत ना धड होकाराचं होतं, ना धड नकाराचं.

कादंबरी १८४९च्या लंडनमधली. कॉलऱ्याने थैमान घातलंय, त्यातच एक व्यापारी उलट्या-जुलाबांनी मरतो. साथीचा आणखी एक बळी, म्हणून कोणी वळूनही बघत नाही. ही कल्पना मला बेहद्द आवडली. सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या, विषबाधेची लक्षणं कॉलऱ्यासारखीच, आणि त्या साथीत एकट्या लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसं गेली. खून लपवायला याहून चांगला काळ कुठला? मृत्यूच्या चौकशीचं प्रकरणही झकास. गुत्त्याच्या माडीवर बसलेला कॉरोनर, म्हणजे चौकशी करणारा अधिकारी, प्रेत बघून आल्याआल्या ब्रँडी मागवणारे ज्युरी. अशा चौकश्या खरोखरच गुत्त्यांत भरत.

पुढे प्रेत उकरून मार्शची चाचणी होते. ती १८३६ मध्ये प्रसिद्ध झाली होती. जस्त आणि आम्लात नमुना टाकायचा, निघणारा वायू पेटवायचा, ज्योतीवर थंड चिनी मातीची बशी धरायची. सोमल असेल तर बशीवर काळा चकचकीत डाग. इथला रसायनतज्ज्ञ आधी नमुना न घालताच चाचणी करून बघतो, कारण खुद्द जस्तातच सोमलाचा अंश असू शकतो. ते वाचून मी टेबलावर थापच मारली. इतकी काळजी फार थोडे लेखक घेतात.

गाडी घसरते ती शेवटी. डिटेक्टिव्ह औषधविक्रेत्याची विषांची नोंदवही उघडतो, खुन्याची सही सापडते, खेळ खलास. आता अडचण अशी, की सोमल विकताना नोंद करून गिऱ्हाइकाची सही घ्यायची हा कायदा इंग्लंडात आला १८५१ मध्ये.

"मग १८५४ करू या," लेखिका लगेच म्हणाल्या. "तेव्हाही लंडनमध्ये कॉलरा होताच." बाई अभ्यासू खऱ्या.

"पण मॅडम, त्याच कायद्याने किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळणं सक्तीचं केलं. तुमचा खुनी तो पांढऱ्या पेजेत कालवतो. पेज निळी दिसेल."

"एकदम दहा पौंड वजनाचा सोमल घेतला तर रंगातून सूट होती, वाचलंय मी."

"उंदरांसाठी दहा पौंड?" आमचे संपादक म्हणाले आणि तिघंही हसलो.

लेखिकाबाईंनी पेजेऐवजी काळ्या कॉफीचा पर्याय काढला. त्याला मी साफ विरोध केला. मोलकरीण उरलेली पेज खरवडून खाते, आजारी पडते, पण जगते, आणि तिलाच पहिल्यांदा संशय येतो. पुस्तकातला तो सगळ्यात जिवंत भाग. कॉफीपायी तो का घालवायचा?

खरं तर माझा आक्षेप सालापुरता नव्हताच. कायदा असता तरी, इतका बेत रचणारा माणूस स्वतःच्या नावाने सही करून विष आणेल? शिवाय तो डिटेक्टिव्ह. स्कॉटलंड यार्डात डिटेक्टिव्ह शाखा १८४२पासून होती, त्यामुळे तो तिथे असण्याबद्दल तक्रार नाही. पण स्त्रियांच्या हक्कांवर तो आजच्या टीव्हीवरच्या चर्चेत बोलावं तसं बोलतो.

"नोंदवही काढली तर खुनी सापडणार कसा?" त्यांनी जरा तुटकपणे विचारलं.

"मोलकरणीमुळे. बाराव्या प्रकरणानंतर तुम्ही तिला गावी पाठवून देता. तिला थांबवा."

त्यांना ते लगेच पटलं नाही. मोलकरणीच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवील, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तेच तर लिहा. मग त्या बराच वेळ आपल्या वहीत काहीतरी खरडत बसल्या. संध्याकाळी मी अभिप्राय दिला: साल १८४९च ठेवावं, डिटेक्टिव्हची भाषणं कापावीत, नोंदवही काढावी, शेवटची चार प्रकरणं नव्याने लिहून आल्यावर छापायचा निर्णय घ्यावा.