गारठा

आज पहाटे नळाला पाणी आलं. घागर भरेस्तोवर बोटं बधिर झाली. आई आतून ओरडली, "स्वेटर घाल की रे, काय गारठा पडलाय बघ की!"

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचावर. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब भराभर निघून जाते, अन् पहाट अंगावर येते.

वडगावात आमच्या गल्लीत माग लवकर सुरू होतात. हवा कोरडी, म्हणून धागा सारखा तुटतो. शेजारचे काका प्रत्येक वेळी माग थांबवतात, तळहातावर फुंकर मारतात, मगच गाठ मारतात. गार पडलेल्या बोटांना बारीक धागा सापडतच नाही. दिवसाचं कापड कमी भरतं, मजुरीही तेवढीच कमी. थंडीचा हा हिशोब कुणी मांडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

येळ्ळूरच्या शिवारात मात्र भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर छान आलाय. त्याला ही थंडी मानवते.

संध्याकाळी बसस्थानकाबाहेर म्हातारी माणसं नुसत्या पोत्यावर झोपलेली दिसली. घरात जादा रग, चादर असेल तर सांगा. उद्या रात्री जेवण झाल्यावर मी गाडी घेऊन निघतोय, वाटेत तुमच्याकडून घेतो.