तुम्ही विचारलंत म्हणून: ते पायवालं इंग्रजी अक्षर

"आडत दुकानाचा बोर्ड असला की इंग्रजी नावाला तेच जाड, पायवालं अक्षर कामून टाकता सर?" लातुरात बोर्ड, लेटरहेड, बारदान्यावरचे छाप अशी कामं करतो, त्यामुळे गंजगोलाईत चहा पितानाही हा प्रश्न येतो.

पायवालं म्हणजे स्लॅब सेरिफ. पुस्तकातल्या इंग्रजी अक्षरांची टोकं निमुळती असतात. इथे टोकाला चौकोनी पट्टी, जवळपास दांड्याइतकीच जाड. मोठा आय बघा: आडवा कापलेला लोखंडी गर्डरच.

हे अक्षर जन्मालाच आलं जाहिरातीसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भिंती जाहिरातींनी भरायला लागल्या आणि रस्त्यापलीकडून वाचता येईल असं काहीतरी हवं झालं. तिथल्याच टाइप ओतणाऱ्या व्हिन्सेंट फिगिन्सने १८१७ च्या सुमारास असा टाइप 'अँटिक' नावाने विकायला काढला. पुढे या जातीला 'इजिप्शियन' म्हणू लागले. इजिप्तशी संबंध शून्य. नेपोलियनच्या स्वारीनंतर तिकडचं वेड होतं, एवढंच. याच जातीतले दोन टाइप बघा: १८४५ च्या क्लॅरेंडनमध्ये पट्टी दांड्याला हलक्या गोलाईने मिळते. १९३४ च्या रॉकवेलमध्ये सांधा सरळ काटकोनात आणि ओ जवळजवळ कंपासने काढलेला. आडतीला मी क्लॅरेंडनच्या वळणाचं देतो. रॉकवेल मला फार कोरडा वाटतो.

खरी परीक्षा बारदान्यावर. तागाच्या विणीत शाई पसरते, नाजूक टोकं पहिल्याच छापाला गायब होतात. चौकोनी पाय थोडा फुगतो, पण जागेवर राहतो. तुरीचं पोतं थप्पीत खाली गेलं तरी मालकाचं नाव लागतं.

आपल्या लिपीशीही त्याचं जमतं. शिरोरेषा म्हणजे आडवी पट्टीच की! इंग्रजीच्या पट्टीची जाडी शिरोरेषेशी जुळवली की दोन्ही ओळी एकाच हाताने लिहिल्यासारख्या दिसतात. फक्त मराठी तितकं जाड करायला जाऊ नका. 'कृषी'तल्या ष चं पोट बुजतं, 'क्षेत्र'मधला क्ष तर लांबून नुसता डाग दिसतो. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवरचं मराठी इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही, पण उंची सारखी ठेवूनही हे इंग्रजी अक्षर वजनाने मराठीला दाबतं. म्हणून मी इंग्रजी निम्म्या उंचीचं घेतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. बोर्ड वर चढल्यावर बोलत नाही.

नाव दोन-तीन शब्दांचं हवं, हेही सांगून ठेवतो. पत्ता, फोन, 'आमची दुसरी शाखा नाही' हे सगळं याच अक्षरात कोंबलं की काहीच वाचलं जात नाही. लग्नपत्रिकेला तर मी देतच नाही.

क्लासवाल्यांना मात्र या अक्षराला वरून पिवळी किनार, खाली काळी सावली आणि मागे उगवता सूर्य लागतो. किनार मी करून देतो. सूर्याचे वेगळे पैसे.