बाटल्या भरून ठेवणाऱ्या आजी

पुण्यातल्या ज्या वृद्धाश्रमात मी फिजिओसाठी जाते तिथे प्रत्येकाला एक शब्द चिकटलेला आहे. ह्या हट्टी, त्या चिडक्या, ते आजोबा नाटकी. नवीन मावशी कामाला लागली की बीपी-शुगरच्या आधी तिला हेच सांगितलं जातं.

तर ह्या हट्टी आजी. बादली, तांब्या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, जे हाताला लागेल ते भरून ठेवणार. कॉटखाली बाटल्यांची रांग, फरशी ओली, उद्या कोणी घसरलं तर खुबा मोडायचा म्हणून मावशी रोज ओतून टाकतात आणि रोज भांडण. आणि पाऊस लागला की नवीनच, खालच्या मजल्यावर झोपायचंच नाही, कागदपत्रांची पिशवी पोटाशी आणि रात्रभर "पाणी चढतंय का बघ गं". मग काय, झोपेची गोळी.

मी गुडघ्यांचा व्यायाम घेताना सहज विचारलं, आजी माहेर कुठलं? नारायण पेठ, नदीच्या बाजूचा वाडा. झालं, पुणेकराला पुढचं सांगायला नको. 12 जुलै 1961, सकाळी पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही गेलं आणि नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे बसले. पण एक गोष्ट आपण विसरतो, पुण्याचं पाणी खडकवासल्यातूनच यायचं, म्हणजे आधी घरात पूर आणि मग नळ कोरडे, प्यायच्या पाण्याचे हाल. म्हणून आजींना पाण्याची भीतीही आहे आणि पाणी संपायचीही. आम्हाला वाटत होतं दोन वेगळे हट्ट आहेत.

मुलगा म्हणाला, आई ह्याबद्दल कधी बोललीच नाही. कधी बोलणार? संसार, नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासूचं आजारपण. इथे आल्यावर दुपार रिकामी, नवरा गेलेला, हाताला काम नाही, मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं वर येतं. त्यात स्मृतिभ्रंश असेल तर अजून अवघड, सकाळचा नाश्ता आठवत नाही पण लहानपणचं लख्ख, आणि तेही आठवण म्हणून नाही, आत्ता घडतंय म्हणून. तिथे "अहो आजी, तो पूर कधीच ओसरला" म्हणून वाद घालणं म्हणजे उगाच दोघांचं डोकं फिरवणं.

एकदा एक दिसलं की बाकीचेही दिसायला लागतात. बीडकडच्या एक आजी उशीच्या अभ्र्यात भाकरी लपवतात, मुंग्या होतात, सगळे ओरडतात. त्या 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायच्या, लेकरं सुकडीवर, म्हणजे दुष्काळात वाटलेल्या कोरड्या खाण्यावर काढली. किल्लारीकडचे एक आजोबा स्लॅबखाली झोपत नाहीत, व्हरांड्यात खाट टाका म्हणतात. 93 साली गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंपात दगडमातीची घरं अंगावर आली, तिथला माणूस छताकडे बघत कसा झोपेल सांगा.

आता सगळंच जुन्या जखमेवर ढकलू नका हां, असेही लोक भेटतात मला! दोन दिवसांत अचानक बडबड, भास सुरू झाले तर आधी डॉक्टर. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, नवीन गोळी, म्हातारपणी ह्यातलं काहीही माणसाला भ्रमिष्ट करतं.

आणि काही गोष्टी विचारायच्याच नाहीत. आंघोळीच्या वेळी कपड्याला हात लावला की किंचाळणाऱ्या एक आजी आहेत. काय झालं असेल ते त्यांना सांगावंसं वाटलं तर सांगतील, खोदून काढायचा हक्क आपल्याला नाही. एकच ओळखीची मावशी ठेवायची, अंगावर टॉवेल राहू द्यायचा, "आजी, आता पाठीला हात लावते हां" असं आधी सांगायचं. ह्याला खर्च शून्य आहे, फक्त घाई नको, आणि सकाळी वीस आंघोळी उरकायच्या असतात तिथे घाईच असते, मावशींना तरी किती बोलायचं.

बाटल्यावाल्या आजींना आता झाकणाची एक बादली आणि दोन बाटल्या ठरवून दिल्यात, त्या कोणी ओतत नाही. पावसाळ्याआधी खोली वरच्या मजल्यावर. भांडण थांबलंय, जोराचा पाऊस असला की जागतात मात्र अजूनही.

ॲडमिशन फॉर्मवर ॲलर्जी, डायपर, दातांची कवळी सगळ्याला रकाना आहे. मी म्हटलं अजून एक टाका, जन्मगाव आणि तरुणपणी कुठे राहत होते. ऑफिस म्हणालं फॉर्म बदलायचा तर ट्रस्टींची मीटिंग लागते. तोपर्यंत मी फॉर्मच्या मागे पेन्सिलने लिहितेय.