तुमचं स्नेक प्लांट सडत कसं नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दादरच्या आमच्या घरी येणारं कुणीतरी चपला काढता काढता दाराजवळच्या कुंडीकडे बघतं आणि म्हणतं, "आमचं तर दोन महिन्यांत सडलं. हे झाड मरत नाही म्हणतात ना?"

मरतं. माझंही मेलं होतं.

समोरच्या इमारतीतल्या काकू रिडेव्हलपमेंटसाठी घर रिकामं करून बोरिवलीला गेल्या, तेव्हा पिवळ्या काठाचं आपलं स्नेक प्लांट माझ्या हवाली करून गेल्या. मी ते जिवापाड जपलं, म्हणजे रोज सकाळी तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी घातलं. मे महिन्यात ते निभलं. जुलैत एकदा पुसायला म्हणून पान धरलं तर ते अलगद हातात आलं. बुडखा पिचलेल्या केळ्यासारखा मऊ आणि आंबूस वास.

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. जाड पानांत आणि मातीखाली आल्यासारख्या आडव्या वाढणाऱ्या खोडात ते पाणी साठवून ठेवतं. पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा मिटून घेतं आणि रात्री उघडतं, म्हणून दिवसाच्या उकाड्यातही त्याचं पाणी फारसं उडत नाही. एवढ्या काटकसरी झाडाने रोजच्या तांब्याभर पाण्याचं करायचं काय? त्यात आपला पावसाळा. दोरीवरचा टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथे कुंडीतली माती कधी वाळणार? ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, मग बुरशी धरते.

आता मी वार ठरवून पाणी घालत नाही. कुल्फीची एक काडी धुऊन ठेवली आहे. ती मातीत खोलवर खोचायची. कोरडी निघाली तरच पाणी, पण मग खालून निथळेपर्यंत. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी पाळी येते. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, कधी तेही नाही. बशीतलं पाणी लगेच ओतून टाकते, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. कुंडी मातीची, भोकाची आणि मुळांना जेमतेम पुरेल एवढीच. मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस राहते. निम्मी लाल माती, निम्म्यात जाड रेती आणि विटांचे तुकडे. नुसत्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, माझा विश्वास नाही.

उजेड कमी असला तरी ते तग धरतं, पण वाढ खुंटते. खिडकीजवळ ठेवता आलं तर ठेवा. घरात मांजर असेल तर तिच्या तोंडी लागू देऊ नका, पानं खाल्ली तर उलट्या होतात.

आणि हवा शुद्ध करण्यासाठी म्हणून आणू नका. ती गोष्ट नासाच्या 1989 च्या प्रयोगावरून पसरली, पण तो प्रयोग बंद पेटीतला होता. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी असे बरेच प्रयोग तपासून पाहिले. उघड्या खिडकीची बरोबरी करायची तर चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील, असं त्यांना आढळलं. ते रात्रीही प्राणवायू देतं असंही म्हणतात. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, पण प्राणवायू तयार व्हायला उजेडच लागतो.

काकूंच्या झाडाचं एकच पान वरून धड होतं. त्याचे चार-चार बोटांचे तुकडे केले, चार दिवस सावलीत सुकवले आणि रेतीत खोचले. खालची बाजू खालीच राहायला हवी, उलटं खोचलं तर मूळ धरत नाही. मग वाट पाहिली. दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि होळीच्या सुमाराला रेतीतून हिरवं टोक वर आलं. पिवळा काठ मात्र नव्हता. पानाच्या तुकड्यातून तो उतरत नाही. तो हवा असेल तर मातीखालचं खोड फोडून वेगळं लावावं लागतं, आणि माझं तर सडून गेलं होतं.

गेल्या वर्षी त्यातलंच एक रोप घेऊन बोरिवलीला गेले. काकूंनी पान उलटसुलट करून पाहिलं. "हे आपलं नाही गं," म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं आणि विचारलं, "याला पाणी किती घालायचं?"