१४४ कोरच्या चिपसाठी डिबगर बनवला, माझा अनुभव

ऑफिस आटोपलं की रात्री आणि रविवारी असं करत करत मी जीए१४४ चिपसाठी एक डिबगर, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधायचं टूल, बनवून राहिलो होतो, चिपमधले कोर काय करून राहिलेत ते चित्रात दाखवणारं, आणि आता ते कामाचं झालंय म्हणून सविस्तर लिहितो. नागपुरात या चिपवर काम करणारं मला तरी कोणी भेटलं नाही, तेव्हा कोणाला रस असेल तर उपयोग होईल.

आधी चिपबद्दल. फोर्थ ही प्रोग्रामिंगची भाषा ज्यांनी बनवली त्या चक मूर यांचं हे डिझाइन, ग्रीनअॅरेज कंपनीचं. एकाच चिपवर १४४ कोर, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, त्यांनाच नोड म्हणतात, ८ ओळी आणि १८ कॉलम, प्रत्येकाकडे ६४ शब्द रॅम आणि ६४ शब्द रॉम, बस, आणि शब्द (म्हणजे मेमरीचा एक कप्पा) १८ बिटचा. सगळ्यांना मिळून एक क्लॉक (कामाचा ताल देणारं घड्याळ) नाही, सामायिक मेमरी नाही. नोड फक्त बाजूच्या नोडशी पोर्टमधून, म्हणजे दोघांमधल्या जोडणीतून बोलतो आणि लिहिलं की समोरच्यानं वाचेपर्यंत जागीच थांबतो, वाचायला गेला तर समोरचा लिहीपर्यंत थांबतो. हे थांबणं हार्डवेअरच करतं, त्यासाठी प्रोग्राममध्ये काही लिहावं लागत नाही. मला ही चिप आवडते ती याच्यासाठीच, पण डिबग करताना जीव जातो तोही याच्यामुळेच.

कारण खऱ्या चिपवर चालता नोड बाहेरून थांबवून आत डोकावता येत नाही. रिकामा नोड पोर्टकडे कान लावून बसलेला असतो, त्याला शेजाऱ्याकडून इन्स्ट्रक्शन पाठवून त्याचा स्टॅक (चालू कामाचे आकडे ठेवायची जागा), रॅम सगळं मागवता येतं, पण जो दुसऱ्याच पोर्टवर अडकलाय तो तुमचं ऐकणारच नाही, आणि नेमका तोच आपल्याला पाहायचा असतो. म्हणून मी सिम्युलेटर, म्हणजे चिपची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहिला आणि त्याच्यावर ब्राउझरमध्ये चालणारं चित्र बसवलं, साधी जावास्क्रिप्ट आणि कॅनव्हास. खऱ्या चिपचा वेग तापमान आणि व्होल्टेजनुसार बदलतो (आणि आपल्याकडचा मे महिना तर माहीतच आहे), त्यामुळे टायमिंगसाठी सिम्युलेटरवर भरवसा ठेवू नका, कोण कोणासाठी थांबलाय हे बघायला मात्र तो एकदम बरोबर आहे.

सिम्युलेटर लवकर झाला, एका शब्दात जास्तीत जास्त चार इन्स्ट्रक्शन, एकूण ३२ ऑपकोड (इन्स्ट्रक्शनचे प्रकार), त्यात फार काही नाही. खरा वेळ गेला तो काय दाखवायचं आणि काय नाही हे ठरवण्यात. नेहमीच्या डिबगरमध्ये एक प्रोग्राम असतो, ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लावला, ओळ ओळ पुढे गेलो. इथे १४४ प्रोग्राम एकदम, सगळ्यांचे रजिस्टर (आतले चालू आकडे) छापले तर स्क्रीनवर आकड्यांचा पूर येतो आणि हाती काही लागत नाही. मग १८ बाय ८ चे चौकोन काढले, थांबलेल्याला लाल केलं, तर जवळजवळ पूर्ण चिप लाल, कारण थांबणं ही इथे नोडची नेहमीचीच अवस्था आहे, सुरू केल्या केल्या बहुतेक नोड पोर्टवर वाट बघतच बसलेले असतात. म्हणून रंग किती वेळ थांबलाय त्यावरून ठरवला, आणि लिहिताना अडकलेला एका रंगात, वाचताना अडकलेला दुसऱ्या रंगात.

हे दोन रंग वेगळे केले नं, तेव्हापासून टूल खऱ्या अर्थानं बोलायला लागलं. वर्धा रोडवर जाम लागला की मागे गाड्यांची रांग, पुढे रस्ता मोकळा, आणि भानगड मधल्या एका जागी, तसंच इथे. पाइपलाइनमध्ये, म्हणजे एक नोड पुढच्याला माल देतो अशा रांगेत, एक नोड बिघडला की त्याच्या मागचे सगळे लिहिताना अडकतात, पुढचे सगळे वाचताना अडकतात, म्हणजे दोन रंग जिथे भेटतात तिथेच जाऊन बघायचं.

पोर्टच्या नावांचंही बघावं लागलं. चिपवर नोड आरशासारखे उलटसुलट बसवलेत, त्यामुळे शेजारी शेजारी असलेले दोन नोड मधल्या पोर्टला एकाच नावानं ओळखतात, दोघांसाठीही तो राइट, म्हणजे उजवाच. स्क्रीनवर हे वाचताना डोकं फिरतं, म्हणून मी सरळ पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण दाखवतो आणि चौकोनाच्या त्या कडेवर बाण काढतो.

माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगला आहे, त्याला टूल वापरायला दिलं. त्याचा प्रोग्राम अडकला होता, बाणांकडे पाहून तोच म्हणाला, "दादा, हे चौघं तर गोल गोल एकमेकांचीच वाट पाहून राहिले." ३०४ नंबरचा नोड ३०५ ला शब्द द्यायला थांबलेला, ३०५ ला ४०५ कडून इशारा पाहिजे, ४०५ ला ४०४ कडून, आणि ४०४ उत्तर घेऊन ३०४ च्या दारात उभा. खाली पाहिलं तर ३०४ मधलं लूप, म्हणजे तेच काम परत परत करणारा भाग. या चिपवर फॉर-नेक्स्टला (लूप चालवणाऱ्या आज्ञेला) ८ दिले तर ते ९ वेळा चालतं, ३०४ नऊ शब्द पाठवत होता आणि ३०५ आठ घेऊन मोकळा. पोरानं ८ चे ७ केले आणि चाललं नं बाप्पा. तो इतका खूश झाला की लगेच स्वतःच दुसरा प्रोग्राम टाकायला बसला, आणि मलाही फार बरं वाटलं.

ते वर्तुळ आता टूल स्वतःच शोधतं, एका पोर्टवर थांबलेल्या नोडचा बाण धरून पुढे पुढे जायचं, परत त्याच नोडवर आलो तर डेडलॉक, म्हणजे सगळे कायमचे अडकले. एकाच वेळी तीन-चार पोर्टवर वाचणाऱ्या नोडला हे लागू नाही, त्याला कोणीही एकानं लिहिलं तरी तो सुटतो, म्हणून त्याचे बाण तुटक रेषेचे ठेवलेत.

सध्या प्रोग्राम चालताना मागच्या स्टेपवर परत जायची सोय करून राहिलो. सगळ्या चिपची रॅम मिळून ९,२१६ शब्दच होते, म्हणून ठरावीक स्टेप्सनंतर पूर्ण चिपची कॉपी ठेवणं अजिबात जड नाही, मागे जायचं असलं की जवळची कॉपी उचलायची आणि तिथून परत चालवायचं. रॅम आणि दोन्ही स्टॅकचं झालंय, पोर्टवर अर्धवट राहिलेली देवाणघेवाण कॉपीत धरायची तेवढी बाकी आहे.