टायमरचा आकडा बाहेर काढताना: फाइल की नंबर?

मंडळी, मागच्या वेळी टायमरपाशी थांबलो होतो. एक्सव्ही६ या शिकण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या रिस्क-फाइव्ह (एक प्रोसेसर-रचना) आवृत्तीत टायमर इंटरप्ट (ठरावीक वेळाने प्रोसेसरला मिळणारी हाक) दर १०,००,००० सायकलनी येतो, म्हणजे क्यूइमू या नकली मशीनवर साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाने. हा आकडा कोडमध्येच कोरलेला आहे. तो बदलून शेड्युलर (प्रोसेसर कोणत्या प्रोग्रामला कधी द्यायचा हे ठरवणारा भाग) कसा वागतो ते बघायचं तर दर वेळी मेक, म्हणजे नवी बांधणी, आणि दर वेळी नवं बूट. चालू कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यातच) तो बदलता यावा, हा या महिन्याचा उद्योग.

बीएसडी या युनिक्सची वाट जुनी. १९९३ च्या ४.४बीएसडीत सिससीटीएल हा सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे करायची मागणी) आला: प्रत्येक व्हेरिएबलला नंबरांची साखळी, आणि एकाच कॉलमध्ये जुनी किंमत घ्यायची, नवी द्यायची. लिनक्सनेही असा कॉल ठेवला होता, पण लोक प्रॉक-सिस या डिरेक्टरीखालच्या फाइलीच वापरत राहिले. शेवटी ५.५ मध्ये तो कॉल काढून टाकला. मलाही फाइलीच भावतात. कॅट (फाइल वाचून दाखवणारी कमांड) आणि इको (दिलेला मजकूर लिहिणारी) असले की वेगळं हत्यार लागत नाही.

म्हणून 'टिक' नावाची डिव्हाइस फाइल केली, म्हणजे जी वाचली-लिहिली की कर्नलमधलं फंक्शन चालतं अशी. कॅट लावला तर १०००००० च्या ओळी धो धो वाहू लागल्या, थांबेचनात. कारण साधं निघालं: कॅट शून्य बाइट मिळेपर्यंत वाचत राहतो, आणि एक्सव्ही६ डिव्हाइसच्या रीड फंक्शनला ऑफसेट (फाइलीत कुठवर पोचलो तो आकडा) देतच नाही. आधी वाचून झालंय हे माझ्या फंक्शनला कळणार कसं?

इकोने तर आणखी घोळ घातला. 'इको ५०००००' टिकमध्ये वळवलं आणि मशीन गोठलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. एक्सव्ही६ चा इको शब्द एका राइटने लिहितो आणि ओळ संपल्याची खूण दुसऱ्या राइटने. कर्नलमध्ये एटॉय (अंकांच्या मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) नाही, म्हणून युजर बाजूचा उचलून आणला होता. त्याला नुसती ती खूण मिळाली की उत्तर शून्य! म्हणजे आधी पाच लाख, लगेच शून्य, आणि एक इंटरप्ट हाताळून होतो न होतो तोच पुढचा दारात उभा.

लिनक्समध्ये नेमक्या याच प्रश्नासाठी 'सिससीटीएल राइट्स स्ट्रिक्ट' नावाचा स्वतंत्र स्विच आहे, हे नंतर वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. तो १ असला, आणि मुळात तो १ च असतो, की आकडा फाइलच्या सुरुवातीलाच आणि एका राइटमध्ये पूर्ण यावा लागतो. तोच नियम मी उचलला. रीड आणि राइट दोन्हींना ऑफसेट पोचवला, आणि किमान १०,००० ची अट घातली. आता कॅट एक ओळ देऊन थांबतो, इकोनेही काही अडत नाही.

एका गोष्टीवर मात्र माझं मत पक्कं झालंय: शेड्युलरचे आकडे सगळ्यांसमोर मांडू नयेत. लिनक्सने ५.१३ मध्ये शेड्युलरच्या वेळांचे आकडे प्रॉक-सिसमधून डीबगएफएसमध्ये (कर्नल तपासणाऱ्यांसाठीच्या वेगळ्या फाइलींत) हलवले, तेव्हा ते वापरणाऱ्या जुन्या स्क्रिप्टांना ती नावं मिळेनाशी झाली. पुढे ६.६ मध्ये ईईव्हीडीएफ हा नवा शेड्युलर अल्गोरिदम आला आणि लेटन्सीचा (पाळी किती वेळात यावी याचा) आकडाच उरला नाही. आतला अल्गोरिदम बदलला की असलं नाव पोकळ होतं. म्हणून टिक आता 'डीबग' डिरेक्टरीत हलवली आहे.

पुढची अडचण: डिव्हाइसच्या फंक्शनला मायनर नंबरही (एकाच प्रकारातलं नेमकं डिव्हाइस सांगणारा) मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक व्हेरिएबलला एक मेजर (डिव्हाइसच्या प्रकाराचा नंबर) खर्ची पडतो, आणि एकूण जागा १०. आता उघड्या फाइलीची सगळी माहिती असलेला अख्खा फाइल स्ट्रक्टच आत पाठवायला घेतलाय.